वसाहत क्रमांक सात

पुनर्वसन कार्यालयातल्या माझ्या संगणकावर धरणात बुडणाऱ्या चौदा गावांचे चौदा फोल्डर होते. साहेब म्हणाले, "मॅडम, गावांची नावं काढून वसाहत क्रमांक टाका. हातानं करत बसू नका, संगणकच करेल अशी स्क्रिप्ट लिहा."

लिहिली. गावाच्या नावाचा फोल्डर आहे का ते आधी बघायचं. असेल तर त्याला क्रमांक द्यायचा, नसेल तर पडद्यावर 'सापडलं नाही' छापायचं. यादीत सातवं आलं शिवणखोल, माझं माहेर. तेही टाइप केलं.

तेवढ्यात आबांचा फोन आला. "सामान ट्रकमध्ये चढलं गं. तुझी आई काही उंबऱ्यावरून उठेना. साहेबांना विचार की, नव्या जागेला शिवणखोलच म्हणतील ना?"

"विचारते," म्हणून मी फोन ठेवला. साहेब खुर्चीमागेच उभे होते. मी विचारलं नाही. एंटर दाबलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चौदाही नावं बदलली.

"आता परत एकदा चालवा," साहेब म्हणाले. कुठलंही काम दोनदा तपासल्याशिवाय ते सही करत नाहीत.

मी परत चालवली. जुन्या नावाचा फोल्डर आता उरलाच नव्हता, त्यामुळे ओळीमागून ओळ तेच उत्तर येत गेलं. सातवी ओळ आली. 'शिवणखोल: सापडलं नाही.' शब्द माझेच होते.

साहेबांनी शेवटपर्यंत वाचलं आणि सहीसाठी पेन काढलं.

"छान. एकही राहिलं नाही."