शिट्टी नसलेला कुकर

खऱ्या सौंदर्याला आवाज नसतो, असं एका आलिशान मोटारीच्या कंपनीनं ठरवलं आणि मोटारीनंतर कुकर काढला. त्यामुळे शिट्ट्या मोजून जन्मभर वरण शिजवलेल्या हेमलताबाई केव्हाच्या ओट्यासमोर घाम पुसत उभ्या होत्या. कुकर मोटारीसारखाच बुटका, चौफेर झाकलेला. खालची ज्योतही दिसेना. गॅस बंद करायला हात पुढे केला, की मोटार मागे घेताना वाजते तसा टूं-टूं वाजे. हात जवळ गेला, की आणखी जोरात.

“अहो, हा फुटणार!”

“अगं, तीच शिट्टी असेल. मोज!” फ्रिजमागून नवऱ्याचा, दिगंबररावांचा, आवाज आला.

“तुम्ही या मोजायला!”

“मला इथून नीट ऐकू येतंय.”

हेमलताबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि गॅसचं बटण फिरवलं.

काहीच झालं नाही. सिलिंडर मघाशीच संपला होता.