तासाभराची परीक्षा

तिनं पाचव्यांदा यंत्र बंद करून चालू केलं. हिरवा दिवा लागला, वायरलेस जोडलं गेलं आणि जोडलेलंच राहिलं. बिघाड काही केल्या दिसेना.

हातातल्या कागदावर एवढंच होतं : ‘यंत्राचा संपर्क मधेच तुटतो. कारण शोधा. वेळ एक तास.’ त्यातली चाळीस मिनिटं उडाली होती.

सात वर्षं घरी काढून ती नोकरीच्या मुलाखतीला आली होती. समोर पिकल्या मिशांचे विभागप्रमुख हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्या हाताखालचा तरुण इंजिनिअर मात्र एका जागी टिकत नव्हता. उठायचा, खिडकीशी जायचा, परत तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहायचा. ती नुसती पुटपुटली तरी वहीत टिपून घ्यायचा. ‘चुका मोजतोय मेला,’ तिच्या मनात आलं.

पर्समध्ये फोन थरथरला. नणंदेचा असणार. दोन वाजता तिची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी होती. तोवरच ती भाच्याला, हिच्या मुलाला, सांभाळणार होती. सव्वा तर वाजून गेला होता.

“सर, हे तर नीट चालतंय.”

“हो. इथे चालतं,” प्रमुख म्हणाले.

“सगळं बदललंय गं आता, उगाच जिवाला लावून घेशील,” सकाळी नवरा म्हणाला होता. काळजीनंच म्हणाला होता, म्हणून जास्त लागलं होतं. उठावं, नमस्कार करावा आणि सरळ घर गाठावं, असं तिला वाटून गेलं.

इथे चालतं. म्हणजे दुसरीकडे चालत नाही. मग इथे वेगळं काय आहे? तिनं टेबलावरून नजर फिरवली. लॅपटॉप, विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप आणि लॅपटॉपमधून यंत्राला वीज पुरवणारी काळी केबल.

“ही केबल काढू का?”

“काढलीत तर लॅपटॉपवर काहीच दिसणार नाही,” तरुण घाईघाईनं म्हणाला. “आम्ही तपासताना कधीच...” तो मधेच थांबला.

तिनं केबल उपटली. यंत्र बॅटरीवर आलं. बोर्डवरची एक चिप सगळ्यांना वीज वाटत होती आणि तीच आपल्या एका धातूच्या पायातून वायरलेसला क्लॉक, म्हणजे विजेचा नियमित ठेका, पुरवत होती. तो क्लॉक नसेल तर वायरलेस मुकं. तिनं ऑसिलोस्कोपची सुई त्या पायावर टेकवली. पडद्यावर लाटांची रांग धावत होती. तीन सेकंद, चार सेकंद. मग रेघ सपाट झाली. हिरवा दिवा विझला.

फोन पुन्हा थरथरला. तिनं पर्स पायानं टेबलाखाली सारली.

आता ती चिपच्या माहितीपत्रकाची पानं भराभर सरकवत होती. क्लॉकच्या त्या पायाला तीन पर्याय होते : बंद, कायम चालू, आणि बाहेरची वीज गेली की काही सेकंदांनी बंद. तिनं प्रोग्राम उघडला. कुणीतरी तिसरा पर्याय लिहून ठेवला होता. तिनं एक आकडा बदलला, केबल लावून प्रोग्राम यंत्रात भरला आणि केबल पुन्हा काढली. चार सेकंद. दहा. अख्खं मिनिट. लाटा धावतच राहिल्या.

“सापडलं, सर. बॅटरीवर आलं की क्लॉक बंद पडत होता. आता पडणार नाही.”

तरुणानं यंत्र उचललं आणि तो दार उघडं टाकून पळत सुटला. बाहेरच्या हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी मोठ्यानं हसलं. तिनं पर्स खांद्याला लावली.

“मला निघायला हवं, सर. मुलगा घरी आहे. माझं उत्तर बरोबर आहे की नाही, तेवढं सांगा.”

प्रमुखांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

“मॅडम, अशी चारशे यंत्रं पेशंटांच्या घरी आहेत,” ते म्हणाले. “तीन आठवडे आम्ही शोधतोय. उत्तर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.”