उघडतंय अजून

"किती झालं?"

"एकसष्ट टक्के," मुलगी फोनकडे बघत म्हणाली.

आईने नाकातली नळी बोटाने जरा सारखी केली. "सकाळी अठ्ठावन्न होतं."

"बारीक बारीक फायली आहेत, आई. दोन हजारांच्या वर. सगळ्या दाबून एका गाठोड्यात बांधल्यात. फोन एकेक बाहेर काढणार, उलगडणार, जागेवर ठेवणार, मग पुढची. त्यात तापला की आपणहून हळू होतो. कॉम्प्युटरला पंखा असतो, याला कुठला?"

"म्हणजे माझ्यासारखंच. चार पावलं टाकली की धाप."

मुलगी हसली. फोन तिने उशीजवळ ठेवला, पडदा आईला दिसेल असा.

ती झिप फाईल सोमवारी आली. धाकट्याने पाठवलेली. नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी तो परदेशात गेला आणि तिकडचाच झाला. फाईल आली तेव्हा मुलीचा फोन नेमका आईच्या हातात होता, त्यामुळे निरोप तिनेच आधी वाचला. 'ताई, आईचं सगळं पाठवलंय. उघडून घे.' फाईलचं नावही 'आईचं' असंच होतं. आईने ते सिस्टरना दाखवलं, जेवणाचा ट्रे आणणाऱ्या बाईंना दाखवलं, शेजारच्या कॉटवरच्या आजींना तर दोनदा.

डॉक्टरांनी त्याच दिवशी मुलीला बाहेर बोलावून सांगितलं होतं की आता दिवस मोजायचे. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला सांगायची गरजही नव्हती.

"नातीचा आवाज असेल त्यात," आई म्हणाली. "आता चुरूचुरू बोलत असेल. आणि त्याने घर दाखवलं असेल. मागे बाग आहे म्हणाला होता."

"असेल."

"तू छापखान्यात दिवसभर हेच करतेस ना? अशाच फायली उघडतेस?"

"हो."

"मग तिथे नेऊन का नाही उघडत?"

"तिथलं मशीन दुरुस्तीला गेलंय. आणि मी इथून हलले तर तुझ्याजवळ कोण?"

सलाईनची बाटली बदलायला आलेल्या सिस्टरनी हे ऐकलं. "माझा लॅपटॉप आहे की होस्टेलवर. उद्या येताना आणते. मिनिटभराचं काम."

"नको," मुलगी पटकन म्हणाली. सिस्टरचा चेहरा पडला, तेव्हा तिने आवाज खाली आणला. "अर्धवट उघडलेलं मध्येच हलवलं की फाईल बिघडते. मग हाती काहीच लागायचं नाही."

"राहू दे हो," आई सिस्टरना म्हणाली. "तिला त्यातलं कळतं."

सिस्टर गेल्या. आईने मुलीकडे निरखून बघितलं. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेली बाई. कानाला हेडफोन आणि डोळे समोरच्या दिव्यांवर, त्यामुळे माणसाचा आवाज जरा बदलला तरी तिच्या लक्षात यायचं.

"आमच्या वेळी ट्रंक कॉल लावला की माणसं चार-चार तास बसून राहायची," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा विचारायची, लागतोय का? मी म्हणायचे, लागतोय, थांबा. कधी कधी पुढे लाइनच तुटलेली असायची. तरी म्हणायचे."

"खोटं?"

"अगं, 'लाइन तुटली' म्हटलं की माणूस उठून घरी जातं. 'लागतोय' म्हटलं की बसून राहतं."

मुलीने पांघरूण तिच्या खांद्यापर्यंत ओढलं.

बुधवारी आईला जेवण गेलं नाही. मुलीने न राहवून विचारलं, "त्याला फोन लावू का? बोल त्याच्याशी."

"नको. एवढं सगळं जमवून पाठवलंय त्याने, तो काय रिकामा बसलाय? मी आधी नीट ऐकते, मग बोलते. किती झालं?"

"त्र्याहत्तर."

"सरकतंय म्हणायचं."

गुरुवारी दुपारी तिचा श्वास तुटक झाला. डॉक्टर येऊन गेले. मुलगी कॉटच्या कडेला बसून तिचा हात चोळत राहिली.

"किती?" ओठ नुसते हलले.

"एक्याण्णव, आई. आलंच आता."

आईने मान हलवली. चेहऱ्यावर समाधान होतं, की नुसता थकवा होता, ते सांगणं कठीण. तीन वाजून दहा मिनिटांनी ती गेली.

सिस्टरनी नळी काढली, चादर नीट केली. उशीजवळचा फोन त्यांनी मुलीच्या हातात दिला. तो अजून कोमट होता.

"थोडक्यात राहिलं हो," त्या म्हणाल्या. राग नव्हता, पण शब्द लागला. "माझा लॅपटॉप आणला असता तर निदान लेकाचा आवाज कानावर पडला असता."

मुलगी व्हरांड्यात जाऊन बाकावर बसली. पडद्यावरची पट्टी एक्याण्णववर थांबली होती. चार दिवसांत तिने ती सतरा वेळा पहिल्यापासून सुरू केली होती आणि प्रत्येक वेळी मध्येच आपल्या हाताने थांबवली होती. फाईल आली त्याच संध्याकाळी, छापखान्यातल्या चांगल्या चालत्या मशीनवर, ती चाळीस सेकंदांत उघडली होती. आत नातीचा आवाज नव्हता, घर नव्हतं, बाग नव्हती. आईने नऊ वर्षांत त्याला आपल्या आवाजात पाठवलेले दोन हजार एकशे अकरा निरोप होते, तारीखवार, आणि सगळ्यांत वर त्याची चिठ्ठी: 'ताई, फोन बदलतोय. हे नुसतंच जागा अडवून बसलं होतं. ऐकायला काही वेळ झाला नाही आणि पुसायला बरं वाटेना, म्हणून तिचं तिला परत.'