जागा एक, अर्ज सात

"ऑब्जेक्टिव्ह काढून टाका बाबा. आता कोणी लिहीत नाही," सोहम म्हणाला.

चिंतामणी गुप्त्यांनी पहिली चार वाक्यं निमूटपणे खोडली. त्यात 'सन्माननीय' हा शब्द तीनदा आला होता.

अंबरनाथच्या एका कारखान्यात गुप्ते अठ्ठावीस वर्षं कार्मिक अधिकारी होते. हजारो बायोडाटे त्यांच्या टेबलावर आले आणि त्यातले बहुतेक टेबलाखालच्या टोपलीत गेले. एका कागदाला ते अकरा सेकंद देत. बाराव्या सेकंदाला चहा येई. स्वतःची नोकरी मात्र त्यांना वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, चिठ्ठीवर लागली होती. त्यामुळे हेंद्रेपाड्यातल्या आपल्या घरात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ते आयुष्यातला पहिला बायोडाटा लिहायला बसले होते. आणि खरं सांगायचं तर त्यांना भलतीच मजा येत होती. कान लाल झाले होते. टेबलाखाली पाय ताल धरत होता.

"अहो, हे हातचं गेलं ना, तर मी सरळ माहेरी जाईन," कुंदाताई म्हणाल्या. त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं, म्हणून त्या डाव्या हाताने धमकी देत होत्या.

"जात नाही हातचं. माणसं निवडण्यात माझी हयात गेली."

"आता स्वतः निवडून यायचंय."

जागा एकच होती. अर्ज सात. त्यातले तीन त्यांच्याच सोसायटीतले.

"समोरच्या यज्ञेशने कलरमध्ये पाठवलाय," सोहमने बातमी दिली.

"कलर? म्हणजे मजकुरात दम नाही," गुप्ते म्हणाले, आणि दोन मिनिटांनी हळूच त्यांनी आपल्या नावाला निळा रंग दिला.

मग वडिलांच्या नावाचा रकाना आला. तेवढ्यात आतल्या खोलीतून आण्णा खाकरले. वय अठ्ठ्याऐंशी, आवाज अठ्ठावीसचा.

"हा रकाना गाळा," कुंदाताई आणि सोहम एकदम म्हणाले.

"अरे, आमच्या काळी त्याशिवाय अर्ज घेत नसत."

"बाबा, रेझ्युमेत आपलं वजन दाखवायचं. ओझं नाही."

गुप्त्यांनी रकाना गाळला. खोटं एक अक्षर लिहायचं नाही, असा त्यांचा नियम होता. सगळं लिहायचंच, असा मात्र नव्हता.

खरी पंचाईत पुढे होती. दीड वर्षात चार बदल. असा कागद गुप्त्यांनी स्वतः तिसऱ्या सेकंदाला टोपलीत टाकला असता.

"कारण काय लिहिताय?" सोहमने विचारलं.

"परस्पर संमतीने."

"खरं कारण मी सांगू का?" कुंदाताई आतल्या खोलीकडे बघत म्हणाल्या.

"तू हात सांभाळ."

बलस्थानं त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. "वक्तशीर. मितभाषी. दुसऱ्याच्या कामात लुडबुड करत नाही."

कुंदाताईंना ठसका लागला.

"पाणी देऊ?"

"नको. पुढचं वाचा. हसू तरी येतंय."

संदर्भासाठी त्यांनी चामटोलीच्या कौसाबाईंचं नाव टाकलं. कौसाबाई चार वर्षं त्यांच्याकडे होत्या. गुडघे गेले तेव्हा त्यांनी काम सोडलं.

"कोणी मोठं माणूस नाही मिळालं?" सोहम म्हणाला.

"मोठी माणसं एकमेकांबद्दल गोडच बोलतात. मी कोणालाही घ्यायच्या आधी त्याच्या जुन्या कँटीनवाल्याला विचारायचो. तो खरं सांगतो."

बायोडाटा एका पानात बसला. सोहमने पाठवला. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं. 'रविवारी अकरा वाजता.' गुप्त्यांनी 'आलं!' म्हणून अशी आरोळी ठोकली, की समोरच्या यज्ञेशचं दार उघडून पुन्हा बंद झालं.

मुलाखत घरीच होती.

"हल्ली तीच पद्धत आहे," सोहम म्हणाला.

"मग वर शर्ट आणि खाली लेंगा चालेल?"

"फुल पँट, बाबा. प्लीज."

रविवारी अकराच्या ठोक्याला बेल वाजली. रंजना मॅडम आल्या. चाळिशीच्या, खांद्याला पर्स, हातात स्कूटीचं हेल्मेट. पंख्याखालची खुर्ची त्यांनी स्वतःच निवडली. चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. गुप्ते उभेच राहिले. हात कुठे ठेवायचे ते अठ्ठावीस वर्षं समोरच्यांना का कळत नव्हतं, हे त्यांना आज कळलं.

ते मनात मोजत होते. नऊ. दहा. अकरा. बारा! मॅडम अजून वाचत होत्या.

"दीड वर्षात चार बदल?"

"ते परस्पर..."

"राहू दे. कौसाबाईंना फोन केला होता मी. तुमच्याबद्दल चांगलं बोलल्या."

कुंदाताईंनी डाव्या हाताने सोहमचा दंड आवळला.

"सुट्ट्या महिन्याला चार," मॅडम म्हणाल्या.

"मान्य!"

"दिवाळीला एका महिन्याचा बोनस."

"वा! मान्य!"

"आणि कामाच्या वेळी मध्ये मध्ये बोलायचं नाही. मला चालत नाही."

"तोंडातून शब्द निघणार नाही," गुप्ते म्हणाले. मग हेही बोलणंच झालं हे लक्षात येऊन त्यांनी ओठ मिटले.

मॅडमनी कागदाची नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. टोपलीत नव्हे, पर्समध्ये! "झालं मग. बाकी सहा जणांना नाही म्हणून कळवते."

गुप्त्यांचे डोळे चक्क पाणावले. सोहमने मूठ हवेत उंचावली. पेढ्यांचा बॉक्स यज्ञेशच्या दारासमोरच उघडायचा, हे कुंदाताईंनी मनात पक्कं केलं.

"चहात साखर कोण घालणार? खिचडी तरी आज धड शिजलीय का?" आतून आण्णांचा आवाज गडगडला.

रंजनाताई दारात थांबल्या. "सोमवारपासून सकाळी साडेसातला पोळ्या-भाजीला येते," त्या हेल्मेट डोक्यावर चढवत म्हणाल्या, "पण त्याआधी त्या आतल्या आजोबांचा बायोडाटा वेगळा पाठवा."