डाव्या अंगाला

"आता यातून आवाज येईल," सिस्टर म्हणाली. "दचकू नका. तुमच्याच रक्ताचा आहे."

तपासणीच्या खाटेवर आडव्या झालेल्या बाईंच्या उजव्या पावलावर तिने चिकट जेलचा ठिपका सोडला आणि पेनासारखी कांडी टेकवली. टेबलावरचं यंत्र बोलू लागलं. सपक्, सपक्, सपक्.

"अगंबाई, वहिनी," खुर्चीवर बसलेली नणंद म्हणाली, "तुझ्या पायात कुणीतरी कपडे धुतंय!"

डायबेटिसच्या पेशंटांचे पाय तपासून घ्या, असं दवाखान्याने कळवलं होतं. बाईंना यायचंच नव्हतं. पाय दुखत नाही, खुपत नाही, मग उगाच कशाला? नणंदेने हात धरून आणलं होतं.

सिस्टरने कांडी डाव्या पावलावर ठेवली. नुसती खरखर. तिने ती केसभर सरकवली, मग आणखी थोडी. घोट्याच्या मागे, बंद दाराआड कुणी श्वास सोडावा तसं काहीतरी ऐकू आलं आणि विरून गेलं.

तिने कांडी खाली ठेवली आणि पाऊल हातात घेतलं.

"हा पाय कधीपासून इतका गार आहे?"

"गार?" बाई म्हणाल्या. "मला नाही तसं कळत."

"बरं, डोळे मिटा. दोरा लावते. शिवला की सांगा."

बाईंनी डोळे मिटले. सिस्टरने नायलॉनचा जाड दोरा अंगठ्याखाली टेकवला, दोरा वाकेपर्यंत दाबला, मग टाचेवर, मग बोटांखाली.

"लावा ना," बाई म्हणाल्या.

नणंदेने मान फिरवली.

"रात्री काही त्रास होतो पायाला?"

बाईंनी एकदा नणंदेकडे पाहिलं. "त्रास नाही. रात्री हे येतात."

"कोण?"

"आमचे हे."

"दादाला जाऊन वर्ष होत आलं," नणंद सिस्टरला हळूच म्हणाली. मग वहिनीकडे वळली. "मला कधी बोलली नाहीस ते?"

"काय बोलायचं, वन्सं? दिसत का आहेत ते?" दूधवाला येतो म्हणून सांगावं इतक्या सहज बाई सांगत होत्या. "डाव्या अंगाला झोपायचे ना, तिकडूनच पाय येतो. गारेगार. माझ्या उजव्या पोटरीला लावतात. आधीही तेच करायचे. मी ओरडायची, काढा तो बर्फ! आता नाही ओरडत. हललं तर जातील म्हणून गपचूप पडून राहते."

सिस्टरने बाईंचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि तळवा उजव्या पोटरीवर टेकवला.

बाईंचे डोळे आपसूक मिटले.

"हेच," त्या पुटपुटल्या. "आले बघा."

बाईंनी डोळे उघडले, मान उचलून पायांकडे पाहिलं, आणि मग कितीतरी वेळ पाहतच राहिल्या.

डॉक्टर आले. त्यांनी डाव्या पायाची बोटं फाकवली. करंगळीच्या बेचक्यात काळा डाग होता. बाईंनी तो कधी पाहिलाच नव्हता.

"रक्त पोचत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "मांडीतली नळी तुंबली आहे. बारीक फुगा घालून ती उघडू. पण लगेच करायला हवं. हे काळं वर चढलं तर पाय काढावा लागेल."

"नळी उघडली की पाय गरम होईल?"

"होणारच. रक्त आलं की ऊब आली."

"मग नको," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी समजावलं, सिस्टरने समजावलं. बाई छताकडे बघत राहिल्या. शेवटी नणंद खुर्ची ओढून खाटेशी आली आणि वहिनीच्या कानाशी वाकली.

"ऐक माझं. उद्या पाय कापला, तर दादा यायचा कशाने?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग सही करायला पेन मागितलं.

फुगा घातला, नळी उघडली. महिनाभराने दोघी पुन्हा त्याच खोलीत आल्या. डाव्या पावलाला रंग चढला होता, ऊब आली होती. काळा डाग सुकून खपली धरली होती. सिस्टरने कांडी टेकवली मात्र, यंत्र दणाणलं. ओल्या फरशीवरून कुणीतरी भराभर चालत यावं तसा आवाज खोलीभर झाला.

"वाचला पाय!" नणंदेने टाळी वाजवली.

"पण लक्ष ठेवायचं हं," सिस्टर म्हणाली. "रक्त आलं तरी मेलेली जाणीव परत येत नाही. या पायाला टोचलेलं, भाजलेलं अजूनही कळणार नाही तुम्हाला."

बाईंचे डोळे आत गेले होते.

"झोप लागत नाही का?"

"कसली झोप!" नणंद म्हणाली. "भिंतीला चिकटून पडते. मधे उशांचा बांध घालते. दिवा मालवू देत नाही. आता काय झालंय विचारलं तर सांगत नाही."

बाईंनी सिस्टरचं मनगट धरलं. "आधी ते मशीन बंद करा."

सिस्टरने बटण दाबलं. खोली शांत झाली. तरीही बाई अगदी हळू बोलल्या.

"रात्री पाय येतो. अजून तिकडूनच येतो."

"तुमचाच पाय आहे तो, बाई. आपण बघितलं होतं ना?"

"ते माहीत आहे हो मला." त्यांनी खाटेच्या टोकाकडे पाहिलं आणि उजवा पाय हळूच जवळ ओढून घेतला. "पण हे गार असायचे. हा कोण आहे?"