वरवंटा
"खिडकीची काच कशी फुटली?" विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं गाडीचा फोटो काढत विचारलं. "कोण्या पोट्ट्यानं दगड मारला साहेब," नयन म्हणाला. अंगणात मिरची वाटत बसलेली त्याची आई वरवंटा घेऊनच उठली. तो तिनं बॉनेटवर आदळला. "खोटं काऊन बोलतं रे? साहेब, काच मी फोडली, ह्या वरवंट्यानं! हा पोरीले भर उन्हात दारासमोर गाडीत कोंडून पानठेल्यावर तंबाखूचा खर्रा घोटून घ्याले गेलता. चाबी ह्याच्या खिशात! मी पाह्यलं म्हणून माही नात वाचली." सर्व्हेअर हळूच म्हणाला, "आजी, दगडच लिहितो. खरं लिहिलं तर क्लेम अडकेल, काच बसणार नाही." "बसवूच नोका!" ती कडाडली. "खिडकी अशीच राहू द्या. पुढच्या खेपेले मी घरी नसली, तर रस्त्यानं जाणाऱ्याले हात घालून पोरीले काढता आलं पाह्यजे!"