वर्षभराच्या राजाचं नाणं

"नाणं आणलंच नाहीत?" नाणेवाल्याने भिंग खाली ठेवलं. "मग मी तपासू काय, माझं कपाळ?"

"फोटो आहेत." बाईच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. "खरी चांदी आहे की खोटं, एवढंच सांगा. आत्ता."

"घरून घेऊन या ना. मी काय खाऊन टाकणार आहे?"

बाई हसली नाही. तिने मोबाइल पुढे सरकवला.

नखाएवढं, काळपट नाणं. नाणेवाल्याचा आवाज एकदम खाली आला. "कुठे मिळालं हे?"

"सासऱ्यांचं. सुईदोऱ्याच्या डब्यात पडून होतं."

"सुईदोऱ्याच्या! अहो, हा राजा धड वर्षभरही गादीवर टिकला नाही. पुढच्याने त्याची नाणी गोळा करून वितळवली. उरली ती बोटावर मोजण्याइतकी. म्हणून तर नकली निघाली. आत शिसं, वरून चांदीचा मुलामा."

बाईने काउंटरची कड घट्ट धरली. तेवढ्यात मोबाइल वाजला. तिने तो झडप घालून उचलला.

"विचारतेय हो. त्यांना म्हणावं, जरा थांबा. जरासंच."

"दुसरं गिऱ्हाईक वाटतं?" नाणेवाल्याने डोळे बारीक केले. "उगाच घाई करू नका. आणि ते घासून चकचकीत करायला जाऊ नका. त्या काळेपणालाच तर किंमत! लिंबू नको, कसलंही आम्ल नको."

"आम्लाने काय होतं?"

"चांदी असेल तर नुसती किंमत उतरते. शिसं असेल तर मुलामा जातो नि आतलं विरघळायला लागतं."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "एक व्हिडिओपण आहे. परवाचा," ती कशीबशी म्हणाली.

फरशीवर नाणं भिंगरीसारखं फिरलं, डुगडुगलं, आडवं झालं. मागे एक बाळ खिदळलं. बाईने मान फिरवली.

नाणेवाल्याने मोबाइल कानाशी धरून तो पुन्हा लावला. मग आणखी एकदा. फोटो मोठा करून नाण्याची कड बघितली. बाई त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

"ऐकलंत? कसं खणखणीत! शिसं असं गात नाही हो, बद्द वाजतं. आणि कडेचे हे दाणे बघा, सुटे सुटे. नकली सगळी एकाच साच्यातली, त्यांत हे दाणे चिकटलेले असतात. ताई, अस्सल चांदी! दारात गाडी उभी राहील तुमच्या. जे कोण थांबलेत ना, त्यांना देऊ नका. मी जास्त देतो."

बाई मटकन स्टुलावर बसली. डोळे पुसत तिने फोन लावला.

"अहो, चांदी आहे, शिसं नाही! डॉक्टरांना म्हणावं, पिल्लूला भूल देऊ नका. येईल आपसूक लंगोटात, आज ना उद्या."